वाळकी काटकीसुद्धा नाही : तुमच्याकडचं रानाचं पथ्य सांगा (अनुभव धागा)

घाटमाथा

मी सात-आठ वर्षांचा असेन. मे महिना, मुळशी खोऱ्यातलं आजोळ. गावाच्या वरच्या अंगाला काळकाईची देवराई आहे, म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान. आजीबरोबर नारळ फोडायला गेलो होतो. आत शिरलं की रणरणतं ऊन बाहेरच राहायचं. पायाखाली पालापाचोळा, आणि ऐन-बेहड्याच्या खोडांना वेढे घालत वर गेलेली गारंबी. नावाला वेल, खोड माझ्या मांडीपेक्षा जाड. शेंगा हातभर लांब, तलवारीसारख्या. एक वाळलेली शेंग खाली पडून फुटली होती. आतली बी तपकिरी, गुळगुळीत, पेढ्याएवढी. मी एक उचलून खिशात घातली.

घरी मामेभावाला दाखवताना आजीनं बघितलं. ओरडली नाही. चुलीतली लाकडं मागं ओढली, कंदील घेतला, मला हाताला धरलं आणि तेवढा चढ पुन्हा चढून वर गेली. दिवस मावळलेला. "जिथनं उचललीस तिथंच ठेव. आन सांग तिला, चुकलं म्हनून." मी ठेवली, सांगितलं. खाली येईस्तोवर आजी एक शब्द बोलली नाही. त्या रात्री भाकऱ्या उशिरा झाल्या. आजोबांनी कारण विचारलं नाही.

आमच्या देवराईत वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत. चपला बाहेर. जळणाची कितीही टंचाई असली तरी ते रान जळणासाठी नाही. त्यातलं काहीच कुणाचं नाही आणि तरी ते अख्ख्या गावाचं. हे गणित मला अजून नीट सुटलेलं नाही.

धागा काढायचं कारण वेगळंच आहे. मागच्या महिन्यात एका शिबिराला गेलो होतो, निसर्गाशी नातं जोडायचं वगैरे. झाडाला मिठी मारायला लावली, डोळे मिटून श्वास घ्यायला लावले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग फोटो झाले, आणि निघताना निम्म्या लोकांच्या हातात रानफुलांचे झुबके. मला आजी आठवली. तिनं जन्मात कुठल्या झाडाला मिठी मारली नाही. ती फक्त काही गोष्टी करायची नाही.

माझा समज असा झालाय की आपल्याकडचं माणसाचं आणि रानाचं नातं भावनेत कमी, पथ्यात जास्त आहे. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, विळी-सुरी चालवायची नाही. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, ती झोपलेली असतात. नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. तर डोंगरावर गेलो आणि मन शांत झालं, हे इथं नको. ते सगळ्यांचंच होतं. तुमच्या घरात, गावात काय करायचं नाही, काय आधी विचारायचं, काय आधी द्यायचं, ते लिहा. पाळत असाल तर, मोडलं असेल तर, पटत नसेल तर तेही.

तिरफळ

सिंधुदुर्गातली आहे. आमच्याकडे देवरहाटी म्हणतात. तिच्यात सातेरीचं देऊळ. गाभाऱ्यात मूर्ती नाही, वारूळ आहे, माझ्यापेक्षा उंच. सणाला त्याला साडी नेसवतात. लहानपणी मला वाटायचं सगळ्याच देवी मातीच्या आणि दर पावसाळ्यात थोड्या वाढणाऱ्या असतात.

पथ्य विचारलंत म्हणून हे सांगते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. रात्रभर वाऱ्याचा आवाज, कौलं उडत होती. सकाळी देवरहाटीत एक जुना किंजळ मुळासकट आडवा झालेला. कोरोनाचे दिवस, गावात सात-आठ घरांची छपरं गेलेली, वासे मोडलेले, मुंबईहून पैसे येत नाहीत आणि कामाला माणूस मिळत नाही. आणि घरांपासून हाकेच्या अंतरावर एवढं इमारती लाकूड पडलंय. गावाची बैठक झाली. कुणी "घेवया" म्हणालं नाही आणि कुणी "नको" म्हणालं नाही. एक म्हातारे म्हणाले, "देवाक इचारूया."

गुरवांनी कौल लावला. पाषाणाला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर होकार. डावी पडली. दुसऱ्यांदा लावला. डावीच. ज्याचं अख्खं छप्पर गेलं होतं तो माणूस समोरच बसला होता. "व्हय म्हाराजा" म्हणाला, उठला आणि घरी गेला. पुढं महिनाभर ताडपत्रीखाली काढला त्यानं, पत्रे मिळेपर्यंत.

झाड अजून तिथंच आहे. मागच्या पावसात गेले तेव्हा त्याच्यावर अळंबी उगवली होती आणि खोडाच्या कुजलेल्या भागात कसलीशी रोपं रुजली होती. माझा नवरा इंजिनियर. त्याचं म्हणणं, माणूस उघड्यावर आणि लाकूड कुजतंय, ही कसली भक्ती? मला ते खोडता येत नाही. पण ज्याचं छप्पर गेलं तोच गप्प राहिला, मी कोण बोलणार?

मांडवीपार

तिरफळताई, आमच्या गोव्यात सातेरीच्या वारुळाला रोयण म्हणतात. सत्तरी तालुक्यात बांबरला निरंकाराची राई आहे, कधी आलात तर बघा. पाणथळ जागेत रानजायफळाची झाडं. चिखलात मुळांना हवा मिळत नाही म्हणून ती गुडघे मोडल्यासारखी वर येतात आणि पुन्हा खाली जातात. असलं जंगल फार थोड्या ठिकाणी उरलंय आणि इथं ते देवाच्या नावावर उरलंय. निरंकार म्हणजे आकार नसलेला. मला ते नावच पुरतं. आत गेल्यावर बोलणं आपोआप बारीक होतं. कुणी तसा नियम सांगितल्याचं आठवत नाही.

काळी_आई

लातूर जिल्हा. आमच्याकडं वेळ अमावस्या, बोलीत येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूर शहरात फिरून बघा, संचारबंदी लागल्यासारखं असतं. सगळा गाव शेतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही बोलावून जेवू घालायचं, हे पथ्य. कुणी उपाशी पुढं गेला तर दोष शेताला लागतो.

कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे. भज्जी, आंबील, उंडे, बाजरीचा खिचडा. भज्जी म्हणजे भजी नव्हे, पुणेकरांनी नोंद घ्यावी. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मिळेल ती भाजी आणि बेसन. मग आंबिलाचं मडकं घेऊन पिकात शिंपडत फिरायचं, "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत. शब्द कानडीकडून आलेत म्हणतात. आम्ही अर्थ न विचारता ओरडायचो.

दुष्काळाचं ते वर्ष, ज्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये, २०१६ ला, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. येळवशीला आमच्या शेतात ढेकळं होती, बाकी काही नाही. हरभरा उगवून वाळलेला. मी पुण्यात नोकरीला. फोनवर म्हटलं, दादा, यंदा कशाला जायचं, शिंपडायचं कशावर? वडील म्हणाले, "आई आजारी हाय म्हनून भेटायला जायचं न्हाय व्हय रं?"

गेलो. कोपीला कडबा शेजाऱ्याकडून मागून आणला. जनावरांच्या तोंडचा होता, म्हणून वडिलांनी पूजा झाल्यावर संध्याकाळी पेंढ्या मोजून परत केल्या. आंबील ढेकळांवर शिंपडलं. माती ते इतक्या झटकन पिऊन टाकायची की ओल दिसायचीसुद्धा नाही. आई कोपीपुढं बसून म्हणत होती, "लय घेतलं तुझं. लय घेतलं." आमच्या बोअरचं पाणी चारशे फुटांखाली गेलं होतं तेव्हा. ती कशाबद्दल बोलत होती हे मी तिला विचारलं नाही.

आता वडील नाहीत. शेत बटईनं दिलंय. तरी येळवशीला जातो. बटईदार आधी आठवडाभर फोन करतो, "मालक, आंबील तुमच्याच हातचं लागतंय."

प्रश्नचिन्ह

सगळं छान चाललंय म्हणून थोडा मिठाचा खडा टाकते.

आमच्या गावच्या राईत बायकांनी जायचं नाही. कुठल्याच दिवशी नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या राईत सीतेचा अशोक आहे हे मला भावाकडून कळलं, कारण तो जाऊ शकतो आणि मी नाही. त्याला अशोक आणि आसुपालव यातला फरकही कळत नाही, पानं आणून दिली तेव्हा मी ओळखलं. हो, पानं तोडून आणली. पथ्य मोडलं, पुरुषानं मोडलं, काही झालं नाही.

घाटमाथा, तुम्ही ज्याला पथ्य म्हणता त्यात भीतीचा वाटा किती? आणि देवाचं भय असलेलं रान राहिलं आणि त्याला लागून असलेला सगळा डोंगर बोडका झाला, याचं काय? एक एकर देवाला देऊन बाकी शंभर एकरांची सुट्टी घेतली, असंही म्हणता येईल. शिवाय हल्ली देवच रान खातोय. शेजारच्या गावात देवळाचा जीर्णोद्धार निघाला, सिमेंटचा सभामंडप, फरशी, गाड्या लावायला जागा. त्यासाठी आठ झाडं गेली. कौल मिळाला होता म्हणे.

घाटमाथा

प्रश्नचिन्ह, भीती होतीच. मी त्या संध्याकाळी थरथरत होतो. बायकांना बंदी, यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि समर्थन तर मुळीच नाही. आमच्या राईत आजीच पुढं असायची म्हणून मला हा प्रश्न कधी पडला नाही, एवढंच.

बोडक्या डोंगराचं म्हणणं मात्र अर्धंच पटलं. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात आपल्याकडच्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हाही आजूबाजूचं रान गेलेलंच होतं. ते गावकऱ्यांनी एकट्यानं खाल्लं नाही. कोळसा, रेल्वेचे स्लीपर, ठेकेदार, सगळ्यांचा हात त्यात आहे. राई उरली कारण तिला विकायला मालक नव्हता.

सिमेंटच्या सभामंडपाबद्दल बोलायला बसलो तर वेगळा धागा लागेल. आमच्याकडंही वर्गणीची पावती आली आहे.

जव्हारकडचा

मी वारली समाजाचा. नोकरी ठाण्यात, घर पाड्यावर.

आमच्या वेशीवर वाघोबा आहे. लाकडाची फळी, तिच्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले, वर शेंदूर. वाघबारशीला, म्हणजे तुमची वसुबारस त्याच दिवशी, पाडा तिथं जमतो. नारळ, कोंबडा. भगत बोलतो. बोलणं साधं असतं : आम्ही तुझी आठवण ठेवली, तू आमच्या गुरांवर, पोरांवर नजर ठेवू नको. २०२१ ला एक अभ्यास छापून आला, त्यात आमच्या पट्ट्यातली वाघोबाची दीडशेच्या आसपास ठाणी नोंदलेली आहेत. पट्टेवाला वाघ आता इकडं नाही, बिबट्या आहे. आम्ही त्यालाही वाघच म्हणतो.

एका वर्षी घरात आजारपण होतं, आम्ही वाघबारशीला गेलो नाही, वर्गणीही दिली नाही. थंडीत शेळी गेली. मी म्हटलं वनखात्याला कळवू. बाप म्हणाला, कळव, पण विसरलो आपण, त्याचं काय चुकलं? मी अर्ज केला, पंचनामा झाला, भरपाई आली. बापानं त्याच पैशातून कोंबडा आणला आणि वाघोबाला दिला. राहिलेल्या पैशांतून शेळी. वनरक्षक आमच्याच समाजाचा, त्याला सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, बरोबर केलं.

दुसरं पथ्य भाजीचं. पहिला पाऊस पडला की रानात कोवळी भाजी उगवते, तुमच्याकडं फोडशी म्हणतात. ती देवाला दाखवून, सगळ्यांनी मिळून खाल्ल्याशिवाय कुणी घरी शिजवत नाही. आमच्या स्टेशनबाहेर जूनच्या पहिल्या आठवड्यात ती जुडीनं विकायला येते. मला उचलवत नाही. बायको म्हणते, इथं कोण बघतंय? बघत कुणीच नाही.

प्रश्नचिन्ह ताईंचं भीतीचं म्हणणं बरोबर आहे. मला एवढंच वाटतं की ज्या जनावराशी बोलता येतं त्याची भीती वेगळी असते. मुंबईत सोसायटीत बिबट्या दिसला की लोक फटाके फोडतात, पिंजरा मागतात. त्यांच्याकडं बोलायची काही सोयच नाही.

सुकट_बोंबील

कोळ्याची पोर मी. आमचं पथ्य सगळ्यांना ठाऊक आहे : नारळी पुनवेला नारळ दिल्याबिगर दर्यात जायचं नाही. पावसाळ्यात मासळी गाभोळीची, अंडी धरलेली असते, ती मारली तर पुढं काय खाणार, हे आजा सांगायचा. पण आज्याच्या आधी दर्याच सांगायचा, कारण होरी, म्हणजे आमची होडी, उलटी व्हायची. लाकडी होऱ्या होत्या तोवर पथ्य पाळणं फार काही मोठेपणाचं नव्हतं. आता मोठी इंजिनं आली. सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै. १ ऑगस्टला बोटी सुटतात, पुनव असो नसो. कधी कधी पुनव पंधरा-वीस दिवस पुढं असते.

माझा बाप पुनवेपर्यंत थांबतो. एकटाच नाही, पण थांबणारे थोडे. तेवढ्या दिवसांची मासळी दुसऱ्यांच्या बर्फात जाते. माझा भाऊ दर वर्षी भांडतो. बाप म्हणतो, "पाव्हन्याच्या घरात इचारल्याबिगर शिरशील?" भाऊ म्हणतो, बाबा, आपण पाव्हणे नाय, आपण इथलेच. बापाचं उत्तर ठरलेलं : "दर्यात सगलेच पाव्हने."

बस, एवढंच. भांडण अजून चालू आहे.

पिंपळपान

आमच्याकडं राई नाही, दर्या नाही. डोंबिवलीत चौथा मजला. बाहेरच्या भिंतीवर ड्रेनेजच्या पाइपाशेजारी पिंपळ उगवला, गळती सुरू झाली. प्लंबर आला, बघितला, म्हणाला बाकी सगळं करतो, ह्याला हात लावणार नाही. दुसरा आला, धर्मानं मुसलमान, म्हटलं हा तरी काढेल. तो म्हणाला, "ताई, ह्याच्यावर घरं असतात लोकांची, मी नाही काढत." कुणाची घरं ते मी विचारलं नाही, रात्री झोप लागायला हवी ना.

शेवटी रखवालदारानं शनिवार टाळून, हात जोडून, दोन दिवस भिंतीवर पाणी मारून मुळासकट अलगद सोडवला आणि रेल्वेच्या कुंपणापलीकडं नेऊन लावला. तीन वर्षं झाली. लोकल त्या वळणावर थोडी हळू होते. मी दाराशी उभी असले तर बघते. पुरुषभर उंच झालाय. भिंत मात्र अजून गळते, कारण मुळाचा एक तुकडा आत राहिला आणि तो पुन्हा फुटलाय.

धूळपाटी

गडचिरोलीतल्या भामरागड भागात दहा वर्षं मास्तर होतो, आता बदली झाली. पहिल्याच वर्षीची गोष्ट. मार्चअखेर शाळेच्या आवारातला आंबा कैऱ्यांनी लगडला होता. मी मूळचा साताऱ्याचा, कैरी दिसली की हात शिवशिवतो. दोन तोडल्या, तिखट-मीठ लावलं, पोरांना बोलावलं. एकही पोर जवळ येईना. नुसती बघत उभी. मी आग्रह केला तर सगळ्यात धीट पोरगी म्हणाली, "गुरुजी, अजून पंडुम झाला नाही."

माडिया आदिवासींचा मरका पंडुम. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. गावानं मिळून ठरवलेल्या दिवशी पहिला आंबा देवाला, पूर्वजांना देतात, त्याआधी कैरी तोडत नाहीत. संध्याकाळी गावचे म्हातारे आले. मला वाटलं आता दंड सांगणार. ते ओट्यावर बसले, तंबाखू मळली आणि झाडाकडं बघून काहीतरी बोलले, माझ्याशी नाहीच. पोरीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, नवीन आहे, त्याला माहीत नव्हतं, असं सांगितलं आजोबांनी. माझ्या वतीनं माफी मागून गेले होते.

पुढं बरंच कळत गेलं. तोवर कैरीत कोय धरलेली नसते, म्हणजे तोडलेल्या फळातून झाड उगवायची शक्यताच शून्य. मोहाची फुलं झाडावरून कुणी ओरबाडत नाही. ती पहाटे आपोआप गळतात, गळलेलीच वेचतात. प्रत्येक कुळाचं एखादं झाड, एखादं जनावर असतं, त्याला त्या कुळानं इजा करायची नाही. मी शाळेत परिसर अभ्यास शिकवत होतो. फळ्यावर 'पर्यावरणाचे रक्षण करा' लिहिलेलं होतं. ते मी पुसलं नाही, वरिष्ठ यायचे तपासणीला. पण त्या पोरांसमोर ते वाचून दाखवायची मला लाज वाटायला लागली.

पंडुमाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी टोपलीभर कैऱ्या होत्या.

दक्षिणवारा

ऑकलंडहून. घाटमाथा, तुमच्या चपला बाहेर काढण्यावरून लिहावंसं वाटलं.

इथं कौरी नावाचं झाड आहे, हजार वर्षांहून जुनीही उभी आहेत. त्यांना मुळांचा एक रोग लागलाय, जो चिखलातून पसरतो, म्हणजे बऱ्याचदा माणसाच्या बुटांतून. म्हणून रानाच्या तोंडाशी ब्रश आणि जंतुनाशकाची फवारणी ठेवलेली असते. बुटाचा तळवा घासायचा, फवारा मारायचा, मग आत. पहिल्यांदा ते केलं तेव्हा मला माझ्या गावची राई आठवली. बाहेरची माती आत न्यायची नाही. आमची आई म्हणायची, चपलेला गाव लागलेलं असतं.

शहराच्या पश्चिमेला वायटाकरे डोंगररांग आहे. तिथल्या 'ते कावेराऊ आ माकी' नावाच्या माओरी जमातीनं २०१७ च्या डिसेंबरात त्या रानावर राहुई घातली. राहुई म्हणजे बंदी : रान आजारी आहे, कुणी आत जायचं नाही. सुरुवातीला तिला कायद्याचं पाठबळ नव्हतं, तरी बरेच लोक थांबले. बरेच गेलेही. पळायला जाणारे, कुत्री फिरवणारे. पुढं नगरपालिकेनं वाटा बंद केल्या. त्याच वर्षी इथल्या संसदेनं व्हांगानुई नदीला कायद्यानं व्यक्ती मानलं. तिथले माओरी म्हणतात, मी नदी आहे, नदी मी आहे. माझ्या ऑफिसात यावर विनोद झाले, नदीनं पूर आणला तर खटला कुणावर, वगैरे. मी हसले नाही. लहानपणी आजी कृष्णेला 'कृष्णाबाई' म्हणायची आणि तिची ओटी भरायची. तिला कायदा करायची गरज पडली नाही, हे मी आधी लिहिलं होतं, मग खोडलं. कारण आज कृष्णाबाईत काय काय सोडलं जातं तेही आठवलं. ओटी भरून पाणी राहत नाही, असं दिसतंय.

आमच्या घराजवळची रानवाट अजून बंद आहे. मुलगी विचारते कधी उघडणार. मी सांगते, त्यांना विचारायला हवं. 'त्यांना' म्हणजे कुणाला, हे तिनं अजून विचारलेलं नाही.

तिरफळ

दक्षिणवारा, 'चपलेला गाव लागलेलं असतं' हे आईला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

रोपवाट

सगळं वाचलं. मी देशी झाडांची छोटी रोपवाटिका चालवतो, बेहडा, सातवीण, किंजळ, असली रोपं करतो. घाटमाथा, एक विनंती आहे, आणि ती या धाग्यावर करणं थोडं अवघड वाटतंय. गारंबीचं बी मला कुठं मिळत नाहीये. सगळीकडं वेली तोडल्या गेल्यात, उरल्यात त्या बहुतेक देवरायांतच. तुमच्या राईत ती वेल अजून असेल आणि शेंगा पडत असतील तर चार-पाच बिया आणता येतील का? विकायच्या नाहीत. रुजवून दुसऱ्या रानात लावायच्या आहेत. प्रश्नचिन्ह ताईंनी बोडक्या डोंगराचं लिहिलंय, तिथंच.

प्रश्नचिन्ह

मी रोपवाटच्या बाजूची. बी रानाबाहेर पडण्यासाठीच असतं. धनेश पक्षी तरी कौल लावून फळ नेत नाही.

घाटमाथा

वेल आहे. परवाच मामेभावाला फोन करून विचारलं. तो म्हणाला यंदा शेंगा बऱ्याच लागल्यात, खालीही पडल्यात.

रोपवाट, तुमचं म्हणणं पटतं. ताई, धनेशाचंही पटतं. तरी मी तशा उचलून आणणार नाही. पुढच्या महिन्यात गावी जातोय. नारळ घेऊन वर जाईन, गुरवांना बोलावून कौल लावतो. कशासाठी हव्यात ते सगळं सांगतो, डोंगराचंसुद्धा.

दिली तर पाच आणतो. नाही दिली तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा विचारू.